भविष्याचा अभ्यास, दर गुरुवारी

चूक माझीच होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने खडूने लिहिली होती.

भोरला एसटी स्टँडच्या जवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी, पंखे, मिक्सर लोक घेऊन येतात. मी आतली जळकी तार काढतो आणि नवी भरतो. दाराशी एक लहानसा काळा फळा टांगलेला आहे. शटर वर केलं की आधी त्यावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं वचन लिहायचं आणि मगच पक्कड हातात घ्यायची, हा माझा जुना नेम. गिऱ्हाइकं ते वाचतात की नाही कोण जाणे. शेजारचा चहावाला मात्र रोज वाचतो आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतो.

त्या दिवशी मला लिहायचं होतं, ‘भविष्यवाणीच्या ग्रंथांचा अभ्यास, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, दुकानाच्या माडीवर, सर्वांना आमंत्रण’. पण मी सुरुवातच दणदणीत अक्षरांत केली. ‘भविष्य’ लिहून होईतो फळ्याचा काठ आला. म्हटलं, लोकांना कळेल. आणि उरलेलं आटोपतं घेतलं: ‘भविष्याचा अभ्यास. दर गुरु. ७ वा. वर माडीवर. या.’

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती शाळेला निघाली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून तिने वाचलं.

“अहो, यातली वाणी कुठं गेली?”

“जागा नव्हती.”

“मग अक्षर बारीक काढायचं,” म्हणाली, आणि गेली.

तासाभरात चहावाला आला. “मिस्त्री, धंदा बदलला का? आमच्या म्हशीचं बघा की जरा. या खेपेला रेडी होईल का रेडा?”

मी हसलो, पण फळा पुसला नाही. आता खरं सांगायला हरकत नाही. गुरुवारच्या अभ्यासाला आम्ही चार माणसं असायचो: मी, बायको, एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची मंडळी. भोरात आमची ख्रिस्ती घरं मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. त्यातले गुरुजी कानाने अधू, आणि बाई येतात त्या आमच्या बायकोशी गप्पा मारायला. कोणीतरी नवं येईल आणि माझं ऐकेल, ही आशा मला फार दिवसांपासून होती. कारण माझ्याकडे तक्ता होता.

तो तक्ता मी मोटरीच्या इन्सुलेशन कागदावर काढला होता. बाबेलच्या राज्यापासून जगाच्या शेवटापर्यंत, चार रंगांच्या स्केचपेनने. शास्त्रातल्या एका संदेष्ट्याने दर्शनात पाहिलेली चारही श्वापदं त्यात होती, दहा शिंगं होती, बाण होते, बाणांवर आकडे होते. चार डोक्यांचा चित्ता काढायला मला एक अख्खा रविवार लागला. बायको म्हणाली होती, “हे गुरुजींचं मांजर आहे का?”

गुरुवारी सव्वासहाला, अजून कोणी आलेलं नसताना, जिन्यावर पावलं वाजली. नऊवारीतल्या एक मावशी कठड्याला धरून वर आल्या. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“हितंच सांगत्यात न्हवं, भविष्य?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ती पाणी आणायला गेली.

मावशी बसल्या. गुंजवण्याकडच्या. त्यांची सून पहिल्यापासून नाजूक, म्हणून बाळंतपणाला माहेरी भाटघरला आणून ठेवलेली. तिला भेटून परत जाताना एसटीची वाट बघत त्यांनी माझा फळा वाचला होता. चौथीपर्यंत शिकले म्हणाल्या, तेवढं वाचता येतं.

“आधी दोन येळला आठव्यातच घात झाला. आता सातवा सरत आलाय. दोनदा पाळणा बांधला, दोनदा सोडला. माळ्याव ठिवलाय. म्या दुसरं काय इचारीत न्हाई. या टायमाला पाळणा खाली काढू का नगं, येवढंच बघून सांगा.”

पाणी पुढे करणारा बायकोचा हात तसाच राहिला.

“मावशी,” मी म्हणालो, “चूक झाली माझी. मी भविष्य सांगत नाही.”

“मंग फळ्याव?”

“जागा कमी पडली.”

हे उत्तर त्यांना पटलं नाही, आणि कोणालाच पटलं नसतं. त्यांची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. “अन् ही येवढी मोठी कुंडली कुणाची?”

इथे मी दुसरी चूक केली. समजावून सांगायला उभा राहिलो. हे पहिलं राज्य, हे दुसरं, ही शिंगं म्हणजे राजे, हा बाण इथून तिथं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. माझं संपल्यावर अगदी आदराने म्हणाल्या, “लई मोठं काम केलंय. ह्यात माज्या सुनंचं कुठं हाय?”

मी तक्त्याकडे पाहिलं. खरोखर शोधल्यासारखं पाहिलं. एवढ्या राजांच्या आणि श्वापदांच्या गर्दीत भाटघरला अंथरुणावर पडलेल्या पोरीला बोटभर जागा नव्हती.

बायकोने माझ्या हातातलं शास्त्र काढून घेतलं, पानं उलटली आणि मावशींना आपल्या शब्दांत सांगितलं. एक गाव होतं. लढाईत उजाड झालं, माणसं परागंदा झाली. पुढे थोडी परत आली तर नुसते दगड. तेव्हा देवाचा माणूस त्यांना म्हणाला, याच गल्ल्यांत पुन्हा म्हातारे-म्हाताऱ्या काठी घेऊन निवांत बसतील, आणि गल्ल्या खेळणाऱ्या पोरांनी भरून जातील.



“आमचं पाण्यात गेलं,” मावशी म्हणाल्या. “धरणात. गल्लीबी गेली.” आणि थोड्या वेळाने, “म्हातारी काठी घिऊन निवांत बसलीया, म्हंजी तिला कुणी शेण काढाय लावत न्हाई. ब्येस हाय गाव.”

बायको हसली. मावशीपण हसल्या. पण लगेच माझ्याकडे वळल्या. “हे माज्या सुनंसाठी लिवलंय व्हय?”

हो म्हणणं फार सोपं होतं. बाई हसत जिना उतरल्या असत्या आणि मीही एकदाचा भविष्यवेत्ता झालो असतो. बायको माझ्याकडे बघत होती, पाढा म्हणायला उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तशी.

“नाही मावशी. ते त्या लोकांसाठी लिहिलंय. तुमच्या सुनेचं काय होणार ते मला माहीत नाही. पण ज्यानं हे सांगितलं त्याला तिची काळजी आहे, यावर माझा विश्वास आहे. आम्ही रोज तिच्यासाठी प्रार्थना करू.”

“करा,” मावशी म्हणाल्या. “आमच्या देवाला म्या सांगितलंय. तुमच्याला तुमी सांगा. अन् पाळण्याचं?”

ते बायकोने सांगितलं. “काढायची घाई नको, पण मोडूपण नका. तिथल्या तिथं धूळ तेवढी झाडून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकानाच्या मोबाईलवर फोन. नंबर त्यांनी पाटीवरून उतरवून घेतला होता.

“म्या बोलतीय. आज काय लिवलंय फळ्याव?”

मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. पुढे कळलं, त्यांच्या घरात रेंज येत नाही. त्यासाठी त्या रोज घरामागच्या टेकाडावर चढत होत्या.

त्यामुळे माझी पंचाईत झाली. त्याआधी मला भारदस्त लिहायची खोड होती. एकदा मी ‘शेवट जवळ आला आहे’ असं लिहिलं होतं, तेव्हा कामथडीच्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, “मिस्त्री, मग सहा महिन्यांची गॅरंटी धरायची का नाही?” टेकाडावर दम खात उभ्या असलेल्या बाईला हे कसं वाचून दाखवणार? आणि ‘सगळं चांगलं होईल’ असंही लिहिता येईना, कारण तसं मला कोणी कळवलं नव्हतं.

मग मी रोज पहाटे संदेष्ट्यांचे ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो. या खेपेला शिंगं मोजायला नाही, एका बाईला आज काय सांगता येईल ते शोधायला. मला वाटलं होतं आठवडाभरात साठा संपेल. पण ज्या पानांवरून मी वर्षानुवर्षं श्वापदांच्या मागे धावत गेलो होतो, त्याच पानांवर ठिकठिकाणी ते लोकांना सांगत होते, भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे. एवढी साधी गोष्ट मी कशी ओलांडून गेलो? मोटरीत बिघाड शोधताना आधी वायर प्लगात आहे का ते बघावं, हे मीच सगळ्यांना सांगतो.

रविवारच्या उपासनेत मी विनंती मांडली, की भाटघरच्या सुनेसाठी सर्वांनी प्रार्थना करावी. गुरुजी लगेच उभे राहिले आणि त्यांनी भाटघरच्या धरणासाठी कळवळून प्रार्थना केली. भिंतीला तडा जाऊ नये, पाणी राखलं जावं, खालच्या गावांना भय नसावं. आम्ही सगळे आमेन म्हणालो. घरी येताना बायको म्हणाली, “शब्द काही फारसे चुकले नाहीत त्यांचे.”

असे पाच आठवडे गेले. आठवा महिना उलटला. आणि एका सकाळी नऊला फोन आलाच नाही.

साडेनऊ झाले. मी फळ्यासमोर खडू घेऊन उभा होतो. एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, पुसली. चहावाला न मागता चहा घेऊन आला. “आज मावशींचा फोन नाही?” म्हणजे तोही कान देऊन होता. म्हशीचा विषय त्याने काढला नाही.

अकराला फोन वाजला. पहाटे कळा सुरू झाल्या म्हणून सुनेला भोरच्या दवाखान्यात आणलं होतं. “तुमी दोगं या,” एवढंच मावशी म्हणाल्या.

बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दवाखान्याच्या बाकावर मावशी एकट्या बसल्या होत्या. मुलगा औषधं आणायला गेला होता. त्यांनी बायकोचा हात धरला आणि मला विचारलं, “आज काय लिवलं हुतं?”

“आज काहीच लिहिलं नाही मावशी. धीर झाला नाही.”

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी बाकावरून उठून उभा राहिलो.

“आसं कसं? म्या काळजीत हाय म्हून तुमी फळा कोरा ठिवला? मोटार जळाली म्हून दुकान बंद करता व्हय? जळाल्याव तर उघडाय पायजे.”

बायकोने डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना सुरू केली आणि मी तिच्यामागे म्हणत गेलो. मावशींनीही हात जोडले होते. त्यांचे ओठ त्यांच्या देवाचं नाव घेत असावेत.

दुपारी दोनच्या सुमाराला सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती. वजन थोडं कमी, दोनचार दिवस काचेच्या पेटीत ठेवायचं, पण रडली चांगली. आई ठीक. मावशींनी तिला दोनदा विचारलं, “रडली न्हवं? मोट्यानं रडली न्हवं?” सिस्टर म्हणाली, “दवाखाना डोक्यावर घेतलाय.” तेव्हा कुठे मावशी रडल्या.

तिथून मी तडक दुकानात आलो आणि फळा लिहिला. दुपारी अडीच वाजता.

बारा दिवसांनी त्या पेढे घेऊन दुकानात आल्या. “पोरगी झाली की लोक बर्फी वाटत्यात. आमी पेढंच आणलं.” पाळणा खाली काढून, धुऊन, त्यांच्या मुलाने टेम्पोतून भाटघरला पोचवला होता. चहावाल्याने दोन पेढे उचलले. मी आत जाऊन डोळे पुसून आलो, तारेचा धूर होता म्हणून सांगितलं. मोटर त्या दिवशी एकही जळत नव्हती.

मग मावशी पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “आता नावाचं अक्षर तेवढं काढून द्या.”

पाच आठवडे मी फोनवर जे वाचलं, दवाखान्यात जे झालं, त्यातून एवढं निष्पन्न झालं होतं. मी पुन्हा सुरुवात केली, मावशी, मी भविष्य सांगत नाही. चहावाला दाराशी पोट धरून हसत होता. शेवटी मावशी म्हणाल्या, “न्हाई तर न्हाई. बारशाला या म्हंजी झालं,” आणि एसटी पकडायला गेल्या.

संध्याकाळी मी टेप काढला आणि दाराशेजारची भिंत मोजली. आता चार फूट बाय तीन फुटांचा फळा करून घेणार. वर पेंटरकडून पूर्ण नाव रंगवून घेणार, ‘भविष्यवाणीच्या ग्रंथांचा अभ्यास’, म्हणजे पुन्हा हा घोळ नको. वर येऊन बायकोला मापं सांगितली. ती पोरांच्या वह्या तपासत होती. लाल पेन न थांबवता म्हणाली,

“मोठा फळा घेऊ नका. जागा पुरली असती, तर ती बाई जिना चढलीच नसती.”