लोहा तालुक्याची युद्धनौका

भारताच्या सागरी इतिहासात लोहा तालुक्याने बजावलेल्या कामगिरीची नोंद अजून एकाही ग्रंथात झालेली नाही. तालुक्यातलं सगळ्यात खोल पाणी धरणाचं, आणि मे महिन्यात त्यातही म्हशी पाय टेकून उभ्या असतात, हे ध्यानात घेतलं तर इतिहासकारांना फार दोष देता येत नाही. पण माझे मामा एकाहत्तरच्या युद्धात बोटीवर होते, आणि मामा पक्के लोहा तालुक्यातले आहेत.

हे गावात कोणी मानत नव्हतं. तरुणपणी मामा कामासाठी मुंबईला गेले, दोन-चार वर्षं दिसले नाहीत आणि परत आल्यावर बोटीवर होतो म्हणाले. गावाने त्यावर विचार केला. मामांना पोहता येत नाही. मुखेडच्या एसटीत बसले की लोह्यापासूनच त्यांना मळमळतं, हातात लिंबू धरून ते हुंगत बसतात. असा माणूस समुद्रावर असणं शक्य नाही, तेव्हा तो मुंबईत एखाद्या हॉटेलात कपबशा विसळत असणार, असा निकाल गावाने दिला आणि पन्नास वर्षं तो कायम ठेवला.

"पोहता येत न्हाई म्हणूनच तर बोटीत बसलो," मामा म्हणत. "पवणाऱ्याला बोट कशाला लागती?"

गेल्या जानेवारीत हा निकाल अचानक फिरला. शेजारच्या गावाने सव्वीस जानेवारीला एका माजी सैनिकाचा सत्कार ठरवला होता. आमच्या गावात शिक्षक भरपूर, कंडक्टर चार, एक तलाठीसुद्धा. सैनिक मात्र एकही नाही. ही अडचण लक्षात आल्यावर तरुण मंडळाच्या अध्यक्षाला मामांची बोट आठवली. मी लातूरला कॉलेजात शिकवतो. नातेवाइकांच्या मते याचा अर्थ मानपत्र फुकटात लिहून देणारा माणूस, एवढाच. अध्यक्षाचा मला फोन आला.

"सर, जबरदस्त लिहा. रणझुंजार युद्धनौका, शत्रूच्या काळजात धडकी, असं. अंगावर काटा यायला पाहिजे."

मी तसं लिहिलं. मला लाज वाटली नाही. मानपत्राची भाषा ठरलेली असते, त्यात फक्त माणूस बदलायचा असतो. शनिवारी गावी जाऊन मामांना ते वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण हे कोणत्या बोटीचं हाय?"

"तुमच्या."

"माझ्या बोटीवर तोफ नव्हती रे. पन्नास वर्षं खरं सांगत राहिलो, तर कोणी ऐकून घेतलं न्हाई. आता खोट्यावर शाल पांघरून बसू का? लिव्हायचं तर खरं लिव्ह. न्हाई तर मी काही येत न्हाई, सांग तुझ्या अध्यक्षाला."

मग दोन दिवस मी त्यांच्यासमोर बसून त्या बोटीचं चरित्र उतरवून घेतलं. बोट एका खाजगी कंपनीची होती, परदेशातून वापरून झालेली घेतलेली. आधी कोळसा, मग सिमेंट, जे मिळेल ते वाहायची. युद्ध लागल्यावर सरकारने ती रसद वाहायला घेतली आणि तिला राखाडी रंग द्यायचा हुकूम सुटला. डावी बाजू रंगवून होईतो रंग संपला. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत ही बोट डाव्या बाजूने सरकारी होती आणि उजव्या बाजूने कंपनीची. तिने कणीक, डाळ, तांदूळ, रॉकेल, घोंगड्या आणि कांदे बटाटे नेले. मामा कोठीवर होते, म्हणजे हा सगळा माल रचायचा, राखायचा आणि काढून द्यायचा. एकदा वरून विमान गेलं आणि सगळे डेकवर पालथे पडले. विमान आपलंच होतं. या चकमकीत लोणच्याची एक बरणी कामी आली.

युद्धानंतर बोटीने पुन्हा कोळसा नेला, मग खत, आणि शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर ती तोडून भंगारात गेली. मी हे सगळं मानपत्रात घातलं. अध्यक्षाने वाचलं आणि मोटारसायकलवर बसून थेट मामांच्या ओसरीवर आला.

"सर, कांदे काढा. लोणचं काढा. आबा, तुम्ही तरी सांगा यांना. कांद्यानं अंगावर काटा येत न्हाई हो."

"डोळ्याला पाणी तरी येतंय," मामा म्हणाले.

"लोकं हसतील, आबा."

"हसतेतच की. नवं काय हाय त्यात?"

अध्यक्ष मुकाट्याने निघून गेला. एवढी माघार त्याने का घेतली ते मला सव्वीस तारखेला कळलं. त्याचा भरवसा फ्लेक्सवर होता. शाळेच्या मैदानात मंचामागे नांदेडहून छापून आणलेला फ्लेक्स ताणला होता, आणि त्यावर आमच्या शाळेपेक्षा मोठी एक युद्धनौका होती. तिच्या पाठीवर ओळीने लढाऊ विमानं उभी होती आणि शेपटाकडे कुठल्यातरी दुसऱ्याच देशाचा झेंडा फडकत होता. वर मंडळाच्या नऊ कार्यकर्त्यांचे फोटो, आणि खाली पाण्याच्या रेषेवर, साधारण बुडतील अशा जागी, मामा.

मामा मंचावर चढले, वळले आणि बराच वेळ फ्लेक्स न्याहाळत राहिले. माईक चालू होता.

"ही आपली न्हाई," ते म्हणाले.

मैदान हसलं. मामांच्या शेजारच्या घरातले म्हातारे पाटील पहिल्या रांगेतून ओरडले, "मंग तुमची कोणती हो, आबा? का बोटच नव्हती?"

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हटलं न्हवतं का, हॉटेलात होता!"

मामा खुर्चीत बसले. त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी वाचायला सुरुवात केली. अर्धा रंग, डाळ, रॉकेल. कोणी ऐकत नव्हतं. बायका उठायच्या बेतात होत्या. प्रमुख पाहुणे मोबाइल बघत होते. मी नेटाने कांद्यांपाशी आलो. बोटीच्या पोटात पहिल्याच फेरीला कांदा तापला आणि वास सुटला, तेव्हा मामांनी कॅप्टनला सांगून सगळी पोती वर काढली, खाली फळ्या अंथरल्या आणि दोन ओळींत हात जाईल एवढी फट ठेवून पुन्हा रचली, असं त्यात होतं.

"थांबा," पाटील म्हणाले. ते आता उभे होते. "फळ्या आडव्या टाकल्या का उभ्या?"

मी मामांकडे पाहिलं. कागदात ते नव्हतं.

"उभ्या," मामा मान वर करत म्हणाले. "वारं पुढून येतंय नव्हं. आडव्या टाकल्या तर वारं पहिल्याच फळीला अडतंय."

"आन थप्पी किती पोत्यांची?"

"सहा. सातवं ठेवलं की खालचा दबतो आन पाणी सोडतो."

"हाव," दोघं-तिघं म्हणाले. "सातवं ठेवू नये."

"सडका निवडला का न्हाई?"

"चार दिवस निवडला. हाताला आठवडाभर वास होता. जेवण जाईना."

मैदानात कांदा न लावलेलं घर क्वचितच असेल. प्रश्न थांबेनात. समुद्राच्या दमट हवेत मोड किती दिवसांत येतात, पोतं तागाचं होतं का, लाल कांदा होता का पांढरा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहून गेलं. शत्रूबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. शेवटी पाटील लोकांकडे वळले.

"होता हा बोटीवर," त्यांनी जाहीर केलं. "हॉटेलवाल्याला कांदा तापतो हे कसं कळंल? त्यो नुसता कापतो."

यावर गावाचं एकमत झालं. अध्यक्षाने घाईघाईने मामांच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि राष्ट्रगीत दुसऱ्यांदा झालं, कारण सकाळी झालंय हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

महिन्याभराने गावात सप्ताह बसला. सात दिवस कीर्तन आणि सात दिवस गावजेवण. जेवणाचा सगळा शिधा ज्या खोलीत असतो, तिची किल्ली हातात असणं हा आमच्याकडे सरपंचपदापेक्षा मोठा मान समजतात, आणि तो वर्षानुवर्षं पाटलांच्या घरी होता. या वेळी पाटील स्वतः मामांच्या ओसरीवर आले, किल्ली घोंगडीवर ठेवली आणि चहा न घेता गेले.

त्या वर्षी वांग्याची भाजी पहिल्यांदाच शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली.