लग्नाच्या हलगीचे तुकडे

ये गं, अशी जवळ बस. आणि कानातली ती बोंडं काढ आधी. मी बोलायचं आणि तू गाणं ऐकत नुसती मान हलवायची, हे मला चालत नाही. कानाला हेडफोन लावून मीपण काम करते, पण माणूस समोर आलं की काढते. एवढी रीत पाहिजे बघ माणसाला.

तर त्या दिवशी दुपारी मी भात लावला होता आणि रेश्माचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"काकी, काय पाठवलाय हे तुम्ही?"

"काय झालं गं?"

"बायका नाचंनात. भिंतीला जाऊन उभ्या ऱ्हायल्यात. नवरीची आत्या आत जाऊन बसलीय. म्हणती, हे वाजणार असलं तर आमच्या घरात हळद न्हाय."

"अगं पण झालं काय?"

"ते तुम्हीच सांगा की! ट्रॅक तुमचा हाय. परवा हळद. न्हाय जमलं तर मी मोबाईलवरनं सिनेमातलं एखादं लावून मोकळी होते. पुढच्या कामाचं मग बघू."

फोन बंद. कुकर शिट्ट्या मारतोय आणि मी फोन धरून उभी.

रेश्मा म्हणजे निपाणीची पोरगी. लग्नघरी हळदीला घरातल्या बायकांना नाच बसवून देते. कोरिओग्राफर म्हणायचं तिला, नुसती रेश्मा म्हटलेलं आवडत नाही. त्या नाचाला लागणारा ट्रॅक मी करून देते. तिचं "पुढच्या कामाचं बघू" ऐकून मी कुकर बंद करायचासुद्धा विसरले. तू म्हणशील, एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल. तसं नव्हे गं. मालक, म्हणजे आमचे हे, वारल्यापासून माझ्या घरात दिवसभरात माणसाचा आवाज येतो तो बहुतेक ह्या पोरीचाच. "काकी, जेवलासा का" हेसुद्धा तीच विचारते. ती फोन करायची थांबली असती तर मग मी आणि फ्रिज. फ्रिज तेवढा गुरगुरतो अधनंमधनं.

आता काम काय ते सांगते, म्हणजे चूक कुठं झाली ते कळेल.

आमची शहापूरची ही पुढची खोली म्हणजे मागाची खोली. पॉवरलूम विकले, खोली रिकामी झाली. मग भिंतीला जुन्या गाद्यांचा फोम मारला, टेबल टाकलं, पुतण्यानं दिलेला लॅपटॉप आणि दोन स्पीकर ठेवले. लोक स्टुडिओ म्हणतात. शिकवलं कुणी नाही. व्हिडिओ बघून शिकले. ती पोरं इंग्रजीत काय काय बोलायची, मला काही कळायचं नाही. मी त्यांचा माऊस कुठं जातो तेवढं बघायची.

लूप म्हणजे वाजवलेला एक छोटा तुकडा. तोच परत परत फिरवायचा. साडीवर एकच बुट्टा ओळीनं येतो ना, तसं. आता तोच लूप सगळेच वापरायला लागले तर सगळ्यांची साडी एक. म्हणून तो चॉप करायचा. म्हणजे स्क्रीनवर आवाजाचे उंचवटे दिसतात, एकेका उंचवट्याला एकेक ठोका. प्रत्येक ठोका कापून वेगळा करायचा आणि मग आपल्या मनाला येईल तसे मागंपुढं लावायचे. हे मला जड गेलं नाही. जन्मभर जॅकार्डची कार्डं लावली मी. पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात त्या, भोकं पाडलेल्या. त्यांच्या क्रमानं नक्षी उठते. एक कार्ड इकडचं तिकडं झालं की मोराची मान शेपटीला. हेही तसंच आहे म्हटलं.

रेश्माला हळदीसाठी हलगी पाहिजे होती. माझ्याकडं चांगली हलगी होती. सदलग्याकडच्या एका वाजवणाऱ्याला मी मागं बोलावून रेकॉर्ड केलं होतं. शेगडीवर हलगी शेकून शेकून त्यानं अशी तापवली होती की वाजवायची काडी, ते टिपरू, लागलं की ठिणगी उडावी. अस्सल लग्नाची हलगी. वरातीत घोडासुद्धा नाचेल अशी.

रेश्मा म्हणाली होती, "काकी, बायका वयानं मोठ्या हाईत, गुडघं दुखत्यात. जरा स्लो करा." मी टेम्पो उतरवला. टेम्पो म्हणजे चाल, वेग.

मग म्हणाली, "मधी टाळी घ्यायला जागा ठेवा." मी जाड टिपराच्या ठोक्यानंतर दोन बारीक ठोके काढले. मोकळी जागा झाली.

आणि "जरा वेगळं करा, सगळ्यांच्यासारखं नको" हे तर तिचं नेहमीचंच. म्हणून सुरुवातीला येणारा जोडठोका उचलून मी शेवटाला टाकला.

सांग बघू, ह्यात काय चुकलं? एकेक पायरी बरोबर. मला तर तो ट्रॅक इतका आवडला की दुपारभर लावून ठेवला. भांडी घासली, गव्हातले खडे काढले, तो चालूच. का कोण जाणे, बंद करू वाटेना. मग पाठवून दिला.

रेश्माचा फोन बंद झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. फाईल खराब झाली असेल म्हणून पहिल्यापासून ऐकली. काही खराब नाही. मग मीच तिला फोन लावला.

"रेश्मा, ट्रॅक चांगला हाय गं. लग्नाचीच हलगी हाय ती. बाहेरचं काय घातलेलं न्हाय मी."

"मला काय कळतंय त्यातलं? आम्ही पोरी नाचतच हुतो. मागं बघते तर ह्या सगळ्या बायका थांबलेल्या. डोक्यावर पदर घेतलाय आणि भिंतीला लागून उभ्या. मी म्हटलं, लाईट गेली का काय! कमळाक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'अगं, हे मयताचं हाय.'"

कमळाक्का म्हणजे नवरीची आत्या. आमच्याकडं मयतापुढंपण हलगी वाजते, आणि गल्लीतनं मयत निघालं की बाई असेल तिथं थांबते. हातातलं काम सोडते, डोक्यावर पदर घेते, भिंतीला लागते आणि मयत पुढं गेल्यावर परत कामाला लागते. कुणी शिकवत नाही. आई थांबलेली बघून लेक थांबते. त्या बायकांनी विचार करून काही केलं नसणार. हलगी कानावर पडली आणि हात पदराकडं गेला.

मला राग आला, खरं सांगते. म्हटलं, माझा ट्रॅक आणि मयताचा? परत ऐकला. मला नाचाचाच वाटत होता.

आमच्या मालकांचे कान मागानं खाल्ले होते. जन्मभर खटखट ऐकून शेवटी हाक मारलेली कळायची नाही. पण मी नवीन काही केलं की ते यायचे आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवायचे. डोळे मिटायचे. आणि म्हणायचे, "व्हय." नाहीतर, "न्हाय." एवढंच. न्हाय म्हणाले की मी भांडायची. "ऐकू येत न्हाय आणि न्हाय म्हणताय व्हय!" पण दुसऱ्या दिवशी मीच बदलायची. त्यांच्या हाताचं कधी चुकलं नाही. ते गेल्यावर माझं काम मीच ऐकायचं आणि मीच पास करायचं, असं चाललं होतं.

तर मी उठले आणि स्पीकरवर हात ठेवला. मालक ठेवायचे तसा.

आणि कळलं गं.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मालकांना नेलं तेव्हा मी दारात उभी होते. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. चौकटीला धरून उभी होते आणि गल्लीतली हलगी त्या चौकटीतनं माझ्या हातात येत होती. जाड ठोका, मग मोकळी जागा, मग शेवटाला जोडठोका. ती हलगी गल्लीच्या वळणावर गेली, कानाला यायची थांबली, तरी चौकटीत होतीच. मला वाटलं होतं, त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. हाताला आठवत होतं. माऊस त्याच हातात असतो.

एकेक तुकडा लग्नाचा होता बघ. क्रम तेवढा मयताचा लागला होता.

मग कामाला लागले, दुसरं काय करणार? जोडठोका परत पुढं आणला. बरं वाटलं. मग बरं वाटेना. टेम्पो वाढवला, कमी केला. मोकळी जागा भरली, परत काढली. सगळं ठीकच वाटायचं आणि कशावरच भरवसा बसायचा नाही. ज्या कानानं मयताची हलगी हळदीला पास केली, त्याच कानाला परत विचारायचं? शेवटी लॅपटॉप पिशवीत घातला, एक छोटा स्पीकर घेतला आणि सकाळी निपाणीची एसटी धरली.

एसटीत बसल्यावर मनात आलं, आपण हळदीच्या घरात निघालोय. कपाळ मोकळं. त्यात आधीच मयताची हलगी पाठवून ठेवलेली. हायवेला गाडी लागली तरी जीव मागंच ओढत होता. रेश्मा स्टँडवर आली होती. तिला म्हटलं, "मी बाहेरच थांबते. तू आत जाऊन ऐकव."

"म्हणजे न्हाय म्हटल्या की मी पळत बाहेर, तुम्ही बदलायचं, मी पळत आत? मला गुडघं न्हाईत व्हय?"

घर विड्या वळणाऱ्यांचं. मांडव घातला होता तरी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. लग्न आहे म्हणून विडी थांबत नाही. मी पायरीखाली उभी. सोप्याच्या मधोमध बसलेली एक जाडजूड बाई माझ्याकडं बघत होती. तीच कमळाक्का.

"तुम्हीच का त्या हलगीवाल्या?"

"व्हय. चुकलं माझं."

"ते कळलं आम्हाला. कुणाच्या मयताचं ऐकून लावलासा ते?"

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग सूप बाजूला सारून जागा केली. म्हणाली, "आत या आक्का. दारात किती उभ्या ऱ्हाशिला?"

मग आम्ही काम केलं. मी स्पीकर सोप्यात ठेवला आणि ट्रॅक लावला. बायका तोंडानं काही सांगेनात, म्हणून मी त्यांचे हात बघायला लागले. तेंदूच्या पानात तंबाखू भरून बोटं वळत होती. हलगी बरोबर लागली की बोटं तिच्याबरोबर चालायची. मोकळी जागा आली की सगळ्यांची बोटं थबकायची. एकजात.

"इथं अडतंय व्हय?"

"तिथंच," कमळाक्का म्हणाली. "तिथं कायतरी गेल्यागत वाटतंय."

"रेश्माला तिथं टाळी पाहिजे."

"मग टाळी घाला की! मोकळं कशाला ठेवलासा?"

बघ, किती सोपं. टाळी नाचणाऱ्या वाजवतील म्हणून मी जागा सोडली होती. पण टाळी वाजेपर्यंत ती जागा रिकामीच, आणि त्या रिकाम्या जागेतच मयत होतं. मी रेकॉर्डिंग लावून मोबाईल पुढं केला आणि म्हटलं, वाजवा. सगळ्यांनी सुपं खाली ठेवून टाळी वाजवली. हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या. टाळी आणि बांगड्या मिळून असा आवाज आला की माझ्या अख्ख्या लॅपटॉपात तसला नाही. तिथंच बसून टाळी कापली, मोकळ्या जागेत बसवली, जोडठोका सुरुवातीला ठेवला. वाजवलं.

एक म्हातारी म्हणाली, "आता हाय बघ हळद." दुसरी म्हणाली, "आता माझं गुडघं दुखणार." रेश्मा नाचायलाच लागली होती. कमळाक्काला मी स्पीकरवर हात ठेवायला लावला. ती हसायला लागली, "हे काय आणि, नाडी बघू काय त्याची?" पण ठेवला. तंबाखूनं पिवळी झालेली बोटं. थोडा वेळ थांबून म्हणाली, "व्हय."

हळदीला थांबा म्हणून तिनं लई आग्रह केला. मी थांबले नाही. रेश्मानं व्हिडिओ पाठवला, त्यात कमळाक्का सगळ्यांच्या पुढं नाचतेय. पुढची तीन कामं रेश्मानंच आणली. आता प्रत्येक वेळी विचारते, "काकी, ह्यात कोण मेलंय का?" टवाळ आहे कार्टी.

तो चुकलेला ट्रॅक मी डिलीट केला नाही. तो हळदीचा नाही एवढंच, वाईट नाही. पण लावतही नाही.

आणखी एक राहिलं. टाळी रेकॉर्ड करताना कमळाक्काचं एक "व्हय" मोबाईलमध्ये आलं होतं. कापताना सापडलं. म्हटलं, वा, आता हिलाच विचारावं. नवीन काम झालं की ते "व्हय" लावायची. चार दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं, काहीही वाजवलं तरी ती व्हयच म्हणते. लूपचं असंच असतं. एकदा कापलं की त्याचं मत बदलत नाही.

ह्या धंद्यात येणार असशील तर एवढं ध्यानात ठेव. हत्यार कुठलंही घे, लूप कुठलाही काप, पण पाठवायच्या आधी दुसऱ्या माणसाला ऐकव. आपला कान आपल्याला ओळखीचंच ऐकवतो.

आणि आता उठतेसच तर पुढच्या वेळी असं वर्षानं येऊ नको. मिरजकर गल्ली, देऊळ काही विचारू नको कुणाला, फोम मारलेलं घर विचार, कुणीही दाखवेल. चहा ठेवते, भडंग करते. तू फक्त स्पीकरवर हात ठेव, आणि वाटलं तर तोंडावर सांग, न्हाय म्हणून. भांडीन मी. पण ये लवकर.