चंचीतला ब्रिज

फर्रर्र! गवतातून लावा पक्षी उडावा तसा आवाज. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझं शिलाई मशीन भोरात अण्णा वकिलांच्या ओट्यावर असायचं. मी घाबरून आत अण्णांच्या बायकोला सांगितलं, "काकू, घरात पाखरू अडकलंय."

काकू म्हणाल्या, "पाखरू नाही हो नाना, तुमचे अण्णा अडकलेत!"

अण्णा पत्ते पिसत होते. ब्रिजचे.

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात. टाकून देऊ म्हणतो, पण राहूनच जातात. त्या ब्रिजच्या किश्श्यांचंही तसंच झालं आहे. त्यातल्या चार चिंध्या आज झटकतो.

*

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. पुणे, सातारा, वाई अशा गावांचे ब्रिजचे सामने व्हायचे, ते नेहमी पुण्यात. अण्णांनी खटपट करून एका वर्षासाठी ते भोरला आणले. व्यवस्था बरी दिसली तर पुढंही भोरलाच होणार होते. ते ठरवणार पुण्याचे रावसाहेब, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले.

अण्णा मला म्हणाले, "नाना, आपण दवाखान्याला पुण्याला जातो, लग्नाच्या खरेदीला पुण्याला जातो. एकदा तरी पुण्यानं भोरला यावं!"

हौस दांडगी होती, पण भोरच्या ब्रिज क्लबात माणसं मोजकी आणि खिसे हलके.

*

सामन्यात एकदा वाटलेली पानं तशीच एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरवतात, म्हणजे कोणी नशिबाला बोल लावायला नको. त्यासाठी चार कप्प्यांच्या लाकडी पेट्या मुंबईला मिळत. त्या परवडेनात.

अण्णा म्हणाले, "चार खण हवेत, पानं सांडता कामा नयेत. शिवता येईल?"

चार खणांची मला एकच वस्तू ठाऊक होती. चंची! पानसुपारीची शिवतात तशीच शिवली, फक्त चौकोनी. काकूंच्या जुन्या चोळखणांचं कापड होतं, बांधायला नाडी लावली. ब्रिजमध्ये चौघांना चार दिशांची नावं असतात. कोणता खण कुणाचा ते कळावं म्हणून एका खणावर पिवळ्या दोऱ्यानं सूर्य काढला.

अण्णांनी विचारलं, "ही पूर्व. बाकीच्या दिशा?"

"उगवत कळली की बाकीच्या कळतात, अण्णा."

*

टेबलं भाड्यानं आणायची तर पुन्हा खर्च. अण्णांनी घरातली दारंच उतरवली आणि पिंपांवर आडवी टाकून वर चादरी अंथरल्या.

काकू म्हणाल्या, "आता पाहुणे पळाले तर अडवाल कसे?"

एका दाराची लोखंडी कडी काढायची राहिली. साताऱ्याच्या पाहुण्यांच्या हाताला चादरीखाली सारखं काहीतरी लागे. ते चाचपून बघायचे आणि ती खडखडायची. शेवटी काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वाजवू नका हो, आतून कोणी उघडणार नाही!"

*

पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की रुसत. कापूरहोळच्या पुढच्या चढावर रावसाहेबांना सगळ्यांबरोबर उतरून मोटार ढकलावी लागली. आले तेव्हा हात, मिशा, टोपी, सगळं काळं!

अण्णा हार घेऊन पुढं झाले. रावसाहेब म्हणाले, "वकील, तुमच्या गावाला माणूस येत नाही. ढकलत आणावा लागतो."

अण्णांचा हार हातातच राहिला.

*

मार्गासनीचा धोंडिबा अण्णांचा जुना पक्षकार. जेवणाचे तांदूळ त्यानं आपणहून बैलगाडीतून आणले आणि खेळ बघत बसला. ब्रिजमध्ये दर डावाला चौघांतला एकजण आपली पानं उघडी मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. त्याची पानं त्याचा भिडू खेळतो. हे धोंडिबाला काय माहीत?

तो आत जाऊन काकूंना म्हणाला, "वैनी, एक पावना पानं टाकून गप बसलाय. लई रुसलाय जनू. च्या तरी द्या त्याला!"

काकूंना ते पटलं. साखर रेशनची, सगळ्यांना सारखा चहा पुरणार कुठून? त्यांनी फर्मान काढलं, "चहा फक्त डमीला!"

दुपारपर्यंत खेळाचा रंगच पालटला. जो तो आपल्या भिडूला खेळायला लावून स्वतः डमी व्हायला बघू लागला. वाईचे एक गृहस्थ पाच डावांत पाच वेळा डमी झाले. त्यांचा भिडू कळवळून म्हणाला, "अहो, निदान एक घोट तरी ठेवा!"

*

आणि मग रावसाहेबांच्या टेबलावर चंची गेली. त्यांनी ती चिमटीत धरून उचलली.

"वकील, चंची दिलीत. सुपारी कुठाय?"

सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी खांबाशी बसून एका चंचीची उसवलेली शिवण घालत होतो, मान वर केली नाही.

जेवणं झाली. पुन्हा खेळ सुरू झाला आणि चंच्या उघडल्या, तर प्रत्येक चंचीत पानांबरोबर सुपारीची खांडं! रावसाहेबांच्या एक्क्याला तर कात लागलेला.

अण्णा ओरडले, "धोंडिबा! हे काय केलंस?"

धोंडिबा म्हणाला, "आवं, पावन्यानं सोताच्या तोंडानं मागितली. न्हाई कसं म्हनायचं? आन् एकल्यालाच कशी द्यायची? समद्यांस्नी घातली!"

रावसाहेबांनी धोतराच्या सोग्यानं एक्का पुसला आणि खेळायला लागले. दिवस मावळेपर्यंत ते खेळाखेरीज अवाक्षर बोलले नाहीत. दिवा लावताना अण्णा मला हळूच म्हणाले, "नाना, गेले आपले सामने."

*

सकाळी पाहुणे निघाले. मोटार चालू होईना, ड्रायव्हर कोळसे ढवळत होता. अण्णांना राहवेना. त्यांनी विचारलं, "रावसाहेब, मग... पुढल्या साली?"

रावसाहेब वळले आणि तडक घरात गेले. दारं नव्हतीच, सगळं दिसत होतं. त्यांनी एक चंची उचलली. चारी खणांतली पानं काढली, नीट सारखी करून टेबलावर ठेवली. सुपारी आतच राहू दिली. नाडी बांधली, सूर्यावरून अंगठा फिरवला आणि चंची कोटाच्या आतल्या खिशात घातली.

बाहेर येऊन त्यांनी अण्णांकडं बघून हसत तो खिसा थोपटला. मग कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि मोटार ढकलायला मागच्या बाजूला चालू लागले.