शेवंताची ओटी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. साताऱ्यात सायन्सला आहे. त्यामुळे हे लिहावं की नको... असं बरेच दिवस चाललं होतं.

आम्ही आटपाडीकडचे. पण आई जन्मली मेढ्याच्या वरच्या जंगलात, एका आरागिरणीच्या वसाहतीत. लाकूड कापायची ती गिरणी बंद पडली, माणसं पांगली, आजी-आजोबाही लवकर गेले. आईला माहेर असं राहिलंच नाही. सणाला शेजारणी माहेरी निघाल्या, की ती झाडलेलंच अंगण परत झाडायची.

या हिवाळ्यात मेढ्याची मैत्रीण रूपाली म्हणाली, तिथवर पायवाट आहे, जाऊ. आईला फोन केला. गुडघ्यांमुळे तिला चढण जमत नाही. म्हणाली, "मागल्या दारी रामफळाचं झाड हाय. त्या घराचा एक दगूड आण."

दुपारी पोचलो. पानांतून ऊन झिरपत होतं. कमरेएवढ्या उरलेल्या भिंती, त्यांवर वाळलेलं शेवाळ. रूपाली गिरणीच्या चौथऱ्याचे फोटो काढत थांबली. मी पुढे गेले — आणि रामफळ दिसलं. तिथल्या ओट्यावर एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. खालच्या वाडीतली असेल, असं वाटलं. भीती अजिबात नाही... उलट डोळ्यांवर झोप यावी तसं शांत वाटत होतं.

"शेवंताची का गं तू?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं मला ओढणी पसरायला लावली, ओंजळीनं तांदूळ घातले. "तिची ओटी हाय. लय दिस ऱ्हायली."

रूपालीनं हाक मारली म्हणून मी मान वळवली. परत बघते तर ओट्यावर नुसतं गवत. ओढणीत तांदूळ मात्र होते.

वाट उतरताना लक्षात आलं — आईचं नाव लग्नात बदललं होतं. आता तिला सगळे सुशीला म्हणतात. शेवंता हे नाव मी रूपालीलाही कधी सांगितलं नव्हतं.

दगड आणायचा राहूनच गेला होता. घरी आईनं ओढणीची गाठ सोडली, तांदूळ हुंगले. त्यात लाकडाचा भुसा होता. ती रडेल असं वाटलं. पण तिनं विचारलं, "चार दाणं तिच्या सुपात परत टाकलंस का?"

ओटी घेणारीनं तसं करायचं असतं, म्हणजे देणारीचं घर भरलेलं राहतं. माझी ओटी कुणी कधी भरलीच नव्हती, मला कुठलं ठाऊक...

"मग मलाच जाया पायजे," आई म्हणाली.

गेल्या महिन्यात गेलो. बसत-उठत, माझा खांदा धरून ती चढली. वर कुणी नव्हतं. आईनं ओट्यावर दाणे ठेवले, रामफळाला टेकून बसली, आणि निघताना नुसतं "येते" म्हणाली.

खालच्या वाडीत चौकशी केली, तशी बाई कुणालाच माहीत नाही. मला अजून काही उलगडलेलं नाही... एसटीत शेजारच्या बाईनं आईला विचारलं, कुठनं आलात?

खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, "म्हायेरास्नं."