धडधाकट माणसं पुढं या

सन दोन हजार बावीस. माझं वय बहात्तर. त्या साली आमच्या गावात एक माणूस मेला आणि त्याला न्यायला चार धडधाकट माणसं मिळता मिळेनात.

माझा डावा पाय आखूड. लहानपणी ताप आला, त्यानं नेला तेवढा नेला. शाळा चौथीपर्यंत झाली, नावं मात्र मला भरपूर मिळाली. आधी लंगडा. मग रान माझ्या नावावर झालं, तेव्हा लंगडे तात्या. मग सरकारी अपंग, आणि आता दिव्यांग. दर दहा-पंधरा वर्षांनी माझं बारसं होतं. ज्यांचे पाय सारखे, त्यांचं बारसं कोणी करीत नाही. ते आपले धडधाकट. काही जण म्हणतात, चांगली माणसं. म्हणजे मी काय नासका? पाथरीला शिकायला जाणारी पोरं आता नॉर्मल म्हणतात. गावातल्या नॉर्मलपैकी एक बायकोला मारतो, एक शेजाऱ्याचा बांध कोरतो, एक देवळाच्या वर्गणीवर जेवतो. पाय मात्र सगळ्यांचे सारखे.

आम्ही दोघांनी त्यांच्यासाठी आमचा शब्द ठेवला होता. दोघं म्हणजे मी आणि माझा मैतर. तो गावातला किराणा दुकानदार, लिंगायताचा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याचा शब्द होता साबूत. न भरडलेली मसूर असते ना, तशी.

"आपुन भरडून निघालोत तात्या," तो म्हणायचा. "ह्ये अजून साबूत हायेत. शिजायला लय टाइम लागतो."

कोणी शहाणा दुकानाकडं येताना दिसला की मी हळूच म्हणायचो, "साबूत आलं."

"बसू दे. शिजंल हळूहळू."

बाजारात, लग्नात, देवळात, कुठंही जायचं तर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. माझी चाल त्याच्या हाताला पाठ होती. एकदा म्हणाला, "मी गेलो तर ह्योच खांदा दे." मी म्हणालो, "देतो." मी बोललो म्हणजे बोललो.

त्या साली तो गेला. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूचं विमान करतात, फुलं लावतात, त्यात मांडी घालून बसवतात आणि चौघं खांद्यावर घेतात. माझा मैतर कपाळाला विभूती लावून, पटका बांधून बसला होता. इतका रुबाब त्यानं जिवंतपणी केला नव्हता.

त्याचा पुतण्या ओरडला, "चला, चार धडधाकट माणसं पुढं या!"

मी पुढं गेलो.

"तात्या, तुमी कामून?"

"खांदा द्यायला."

"अहो, काका बसलेले हायेत आत. तुमच्या एका पावलासरशी कलंडतेन. धडधाकट माणसाचं काम हाय ह्ये."

"त्याला शब्द दिलाय मी."

"तात्याच्या पायाखाली वीट बांधा रे!" मागून कोणीतरी बोललं. मयतीतही लोक हसले. मी जागचा हललो नाही, तसं मला धरून बाजूला केलं.

मग धडधाकट पुढं झाले. एकाला शुगर. एकाची बायपास झालेली. एकाच्या कंबरेला पट्टा. चौथा सकाळीच टाकून आलेला. पुतण्या स्वतः मोबाइलवर शूटिंग करत पुढं पुढं. मारुतीच्या पारापर्यंत गेले नाहीत तर पट्टेवाला कण्हायला लागला, "बदली द्या रे, बदली!" बदलीला कोणी येईना. एवढे धडधाकट, पण सगळ्यांना त्याच वेळी टाळ वाजवायचे होते.

मी काठी टाकली आणि पट्टेवाल्याच्या दांडीखाली खांदा घातला.

पहिल्या पावलाला विमान कललं. मैतराची मान हलली. दुसऱ्या पावलाला परत हलली. आत बसून हो, हो म्हणत असल्यासारखा. पुतण्या पळत आला.

"सोडा तात्या! काका पडतेन!" दंड धरून ओढायला लागला. मी दांडी सोडीना.

मागून बायकांतून मैतराची कारभारीण पुढं आली. रडून रडून आवाज बसला होता, तरी पुतण्याला म्हणाली, "हात काढ रे. जलमभर ह्या खांद्याला धरून चालले ते. तुमची सरळ चाल त्यायला कुठं ठाऊक हाय? भितेन आत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चला भावजी."

पुतण्यानं हात काढला.

तिथून ओढा, ओढ्यापलीकडं चढ, चढावर त्यांची मयत पुरायची जागा. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर माणसं बदलत राहिली. चढावर बायपासवाल्यानं मला विचारलं, "तात्या, बदली देऊ का?" मी म्हणालो, "तू आधी तुझा दम धर." खांद्याची कातडी सोलली, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मी कोपरा सोडला नाही. विमान डुलत गेलं, मैतर मान हलवत गेला, आणि पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा टम्म फुगला होता, हात वर होईना. सून हळद गरम करून घेऊन आली. "मामा, सदरा काढा, लेप लावते." सदरा मी काढला. लेप लावू दिला नाही, हळदीखाली खांदा झाकला गेला असता. तसाच उघडा जाऊन ओट्यावर बसलो, सुजलेली बाजू रस्त्याकडं करून, आणि सूनबाई दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी उठलो नाही.