चोविसावी सीट

क्लिफर्ड ट्रँटरने एकतीस वर्षं लोकांच्या बुडांची मापं घेतली. हसायचं तर हसून घ्या, त्याची बायको डोरीनही हसायचीच. नॉरफक परगण्यातल्या एका शेडमध्ये वर्षाकाठी जेमतेम एखादी गाडी तयार व्हायची. तिच्यात सीट एकच, रस्त्यावर न्यायला सक्त बंदी, पळायचं ते फक्त ट्रॅकवर. किंमत ऐकून माणसाने मटकन खाली बसावं, आणि ती बसायची जागा क्लिफ करून द्यायचा.

सीटच्या सांगाड्यात प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन रसायनं ओतायची आणि वर मालकाला बसवायचं. फेस फुगत अंगाभोवती चढायचा आणि घट्ट होऊन त्या अंगाचा साचा बनायचा. पाव तास शिंकायचंसुद्धा नाही! फेस किती तापतो ते बघायला क्लिफ आधी स्वतः दुसऱ्या सांगाड्यात बसायचा आणि आपला साचा मागाहून फेकून द्यायचा. थर्मामीटरवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

तेवीस मालक बसले आणि तेवीसच्या तेवीस म्हणाले, "छान आहे!" आता या भिडस्त इंग्रजांपुढे जळका टोस्ट ठेवा, तरी ते छानच म्हणणार. मग सीट खरंच छान होती, की बिचारे कंबर धरून घरी जायचे? क्लिफला ते कधी कळलंच नाही. आणि आता लवकरच तो निवृत्त होणार होता.

"अरे, सरळ विचार ना एखाद्याला," डोरीन म्हणायची.

"विचारलं की परत छानच म्हणतात."

"मग तूच बसून बघ."

"दुसऱ्याच्या मापाच्या सीटमध्ये बसून मला काय डोंबल कळणार?"

चोविसावी गाडी पॅशलीसाहेबांची. वाटाण्याचे मोठे व्यापारी, देह दारात मावेना. त्यांचा साचा आणि क्लिफचा साचा टेबलावर शेजारी शेजारी वाळत होते. चार वाजता चहा आला. चहाच्या तबकाला जागा करायला क्लिफने दोन्ही साचे उचलले, आणि परत ठेवताना नावाच्या चिठ्ठ्यांची नेमकी अदलाबदल झाली. पुढचा आठवडा तो डोरीनच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. कापड दुसऱ्यांनीच चढवलं.

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी, शुक्रवारी, जुन्या विमानतळावरच्या ट्रॅकवर गाडी ट्रकमधून उतरली. पॅशलीसाहेबांना दोघांनी दाबून आत बसवलं. चेहरा बीटासारखा लाल झाला.

"कशी आहे, साहेब?" क्लिफने विचारलं.

"छा... छान आहे," आतून बारीक आवाज आला.

क्लिफने वाकून पाहिलं. सीटला डावीकडे खोल खळगा होता. लहानपणी सफरचंदाच्या झाडावरून पडल्यापासून तशी वाकडी कंबर साऱ्या परगण्यात एकाचीच होती.

गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. पॅशलीसाहेब मेले असते पण तक्रार केली नसती. क्लिफ निष्कलंक निवृत्त झाला असता. शरमेने त्याचे कान तापले.

"उतरा, साहेब," तो म्हणाला. "ही तुमची सीट नाही, माझी आहे. मीच गाढवपणा केला."

"अरे देवा! म्हणजे मी जाड नाही झालो?" पॅशलीसाहेबांनी त्याचा हात धरून गदागदा हलवला. "बायको माझं दुपारचं जेवण बंद करणार होती हो!"

शेडची मालकीण मिस स्ट्राउड मात्र फणफणल्या. "ट्रॅक बारापर्यंत आपल्याकडे आहे. आता हिला फिरवणार कोण?"

"जो मावेल तो," पॅशलीसाहेब म्हणाले.

सगळ्यांनी क्लिफच्या बुडाकडे पाहिलं.

"दुसऱ्या गिअरच्या वर गेलात तर याद राखा, क्लिफ," मिस स्ट्राउड म्हणाल्या.

क्लिफ आत बसला. पट्टे आवळले. पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडे वळली, अंग डावीकडे झुकलं, आणि सीटने त्याला अलगद धरून ठेवलं. कुठे टोचत नव्हतं, कुठे पोकळ नव्हतं. वीस वर्षं दुखणारी कंबर दुखायची थांबली. म्हणजे ते तेवीस जण खोटं बोलले नव्हते! हेल्मेटच्या आत म्हातारा ढसाढसा रडला.

तो उतरला तेव्हा डोळे लाल होते.

"कशी वाटली सीट?" मिस स्ट्राउडनी विचारलं.

क्लिफला एकतीस वर्षांचं सगळं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"छान आहे," तो म्हणाला.

पॅशलीसाहेबांनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार रुतली का हो?"