भुतांवर चिडणारे आमचे मामा

आज मामांना जाऊन वर्ष झालं, आणि भुताचे सिनेमे अजून तसलेच भिकार निघतायत.

मामा म्हणजे माझे सासरे. कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. सगळी उमर त्या खडखडाटात गेली, त्यामुळे बोलणं कायम ओरडून.

थिएटरमध्येसुद्धा.

सासूबाई गेल्यावर सुरेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना आमच्याकडे कळंब्याला आणलं. पहिला महिनाभर सासरे-जावई समोरासमोर बसून पंख्याकडं बघत होतो.

शेवटी तीच वैतागली. "जावा की दोघं कुठंतरी! सिनेमाला तरी जावा."

त्या रविवारी दुपारच्या शोला भुताचा पिक्चर होता.

पंधराव्या मिनिटाला भूत आलं. धाडकन म्युझिक. अख्खं थिएटर किंचाळलं.

आणि मामा मोठ्यानं म्हणाले, "ह्यो नुसता आवाज हाय की! पाठीमागनं येऊन पत्र्यावर काठी हाणली तरी माणूस दचकतंय. त्याला भूत कशाला लागतंय?"

मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढं सरकलो.

पुढं सहा वर्षं, दर रविवारी हेच. हॉरर नाहीतर सायन्स फिक्शन. लव्हस्टोरी असली तर म्हणायचे, "त्येंचं त्येंनी बघून घ्यावं. आपण कशाला मधी?"

एकदा अवकाशयान बिघडलं. हिरोनं काचेवर दोन बोटं फिरवली, यान चालू.

"हात काळं झालं न्हाईत, पावणं! हात काळं न करता दुरुस्त केलेल्या यानात मी बसणार न्हाय." जावयाला, म्हणजे मला, ते 'पावणं'च म्हणायचे.

"मामा, हळू. सायन्स फिक्शन आहे ते."

"असंना का. नटबोल्ट तिथं बी ढिलं हुत्यातच की!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात साठ पोरं गप्प बसवतो. हा एक माणूस कधी गप्प बसला नाही.

वैताग याचा जास्त की त्यांचं पटायचं. आता प्रत्येक भुताला दुःखी बालपण लागतं. शेवटी भूत रडतं आणि आपण जांभया देतो. अंधार तर एवढा की कोण मेलं ते घरी येऊन रिव्ह्यूत वाचावं लागतं. आणि परग्रहावरून एवढ्या लांब आलेले लोक आल्या आल्या इमारतीच का पाडतात, हे मला विज्ञानाचा मास्तर असून अजून कळलेलं नाही.

आमचा शेवटचा सिनेमा वेगळा होता. एका माणसाची बायको मरते. तो तिचे जुने मेसेज, व्हिडिओ सगळं मशीनमध्ये घालतो, आणि मशीन तिच्या आवाजात बोलायला लागतं.

मामा इंटरव्हलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मग उठले. "चला."

सहा वर्षांत पिक्चर अर्धा सोडायची ही पहिली वेळ. बाहेर रसवंतीवर बसलो.

"पावणं, ती मशीन नवऱ्याशी भांडली का एकदा तरी?"

"नाही."

"मग ती बायको न्हवंच."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुमची सासू मी जेवाय बसलो की शिव्या द्यायची. रोज. घास काय गोड लागायचा, सांगू तुमाला! आता ती गोडगोड बोललेली घिऊन मी काय करू?"

इथं एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसून ऐकलं असतं. मी काय केलं? ते मशीन कसं चालतं, यावर वीस मिनिटं लेक्चर दिलं. रस संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

चारच दिवसांनी सकाळी चहा पिताना गेले. हार्ट अटॅक.

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मामांचा फोटो. ओठ हलतायत, आवाज मशीनचा.

"माझ्या प्रिय कुटुंबीयांनो, मी जिथे आहे तिथे अत्यंत आनंदात आहे."

मामा! ज्यांनी जन्मात 'आहे' म्हटलं नाही. 'अत्यंत' तर सोडाच.

माझं डोकंच फिरलं. टाइप केलं, "हा फालतूपणा कुणी केला? आत्ताच्या आत्ता डिलीट करा."

सुरेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात मोबाईल.

"मी केलाय."

मी मोबाईल खाली ठेवला.

"माझ्याकडं आबांचा आवाज नाही हो कुठं. घरात माझ्याशी काय बोलायचे? 'जेवलीस का?' 'गोळी कुठं हाय?' संपलं. बाकी सगळं रविवारी तुमच्यापाशी. आणि तुम्ही घरी येऊन काय सांगायचा? 'तुझ्या बापानं आज परत इज्जत घालवली.'"

खरं होतं. सहा वर्षं मी घरी फक्त तक्रारी आणल्या. त्यांचं बोलणं आणलंच नाही.

मग तिला खाली बसवलं आणि रसवंतीवरचं सगळं सांगितलं. त्यांच्याच भाषेत, जमेल तसं.



"शिव्या आवडायच्या त्यांना?"

"घास गोड लागायचा म्हणाले."

"मला लहानपणापासून वाटायचं, आई-आबांचं कधी पटलंच नाही. लग्नाला उभी राहिले तेव्हा पण तीच भीती होती मनात."

मग ती हसली, आणि हसता हसता रडली. व्हिडिओ तिनंच काढून टाकला. ग्रुपवर मी माफी मागितली.

आता ती म्हणते, अजून सांगा. मी सांगतोय. तीनशेच्या आसपास रविवार झाले असतील, आठवेल तसं एकेक काढतोय.

मामा, तुमच्या लेकीचा आणि जावयाचा नमस्कार.